खडूकाकांचं ‘झालं’

खडूकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी नसायचं, खडू असायचा. पांढरा, शाळेत असतो तसला, अर्धा झिजलेला. त्यांच्या बायकोने चाळीस वर्षं त्या खिशाच्या कोपऱ्यातली पूड धुऊन काढली आणि दर धुण्याला ऐकवलं, की मास्तराशी लग्न झालं असतं तर निदान सुट्ट्या तरी मिळाल्या असत्या. वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये मापाच्या खुणा करायला खडू सगळेच वापरतात. काकांचा खडू त्यासाठी नव्हता. तो तडे शोधायला होता.

तरुणपणी ते एका मोठ्या कारखान्यात बॉयलरवर काम करायचे. तिथल्या फोरमनने त्यांना ही युक्ती शिकवली. जोडावर ब्रशने रॉकेल लावायचं, अर्धा तास थांबायचं, फडक्याने कोरडं पुसून घ्यायचं आणि वर खडूची पूड फासायची. लोखंडात केसाएवढा तडा असला तरी आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओलसर काळी रेघ उमटते. तडा नसेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. यंत्र नको, वीज नको. लागतो तो धीर, आणि डोळे. त्या फोरमनने एक शिस्तही लावून दिली होती. ज्याने वेल्डिंगचा टाका मारला त्यानेच तो तपासायचा, आणि त्याने ‘झालं’ म्हटलं की विषय संपला. त्यानंतर दुसऱ्याने तिथे नजर टाकायची नाही, कारण तो पहिल्याचा अपमान.

काकांनी स्वतःचं वर्कशॉप काढलं तेव्हा ही शिस्तही सोबत आणली. ट्रकच्या चॅसी, फाटकं, पाण्याच्या टाक्या, एका दवाखान्याचा लोखंडी जिना, काय वाटेल ते त्यांनी जोडलं आणि जोडलेलं सहसा परत आलं नाही. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. तिशीला आला, स्वतः उत्तम टाके मारायला लागला, पण वडिलांनी ‘झालं’ म्हटलेल्या जोडाकडे तो चुकूनही वाकून बघायचा नाही. बाहेरचे लोक याला संस्कार म्हणायचे. काकांना ते ऐकून बरं वाटायचं, उगाच नाही कशाला म्हणा.

मग घरात सून आली, आणि सुनेबरोबर तिची गाडी. सून दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालून ट्रॅकवर गाडी पळवायची, हा तिचा लग्नाआधीपासूनचा शिरस्ता. गाडी जुनी, दोन जणांची, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी बुटकी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, की मागची सीट नाही, सामानाला जागा नाही, आत शिरायला झोपावं लागतं, मग हिला गाडी का म्हणायचं? काकांनी महिनाभर गाडीकडे लक्ष नसल्याचं नाटक केलं. मग एके दिवशी सून दवाखान्यातून आली तर सासरे गाडीखाली, नुसते पाय बाहेर. तेव्हापासून त्या गाडीचं लोखंड काकांचं आणि स्टिअरिंग सुनेचं, अशी वाटणी होऊन गेली.

ट्रॅकवर उतरण्याआधी ती एकच प्रश्न विचारायची. “बाबांनी बघितलं ना?” हो म्हटलं की हेल्मेट डोक्यात. टायर, ब्रेक, तेल, या सगळ्याबद्दल ती नवऱ्याचं डोकं खायची, दहा वेळा विचारायची. काकांनी बघितलेल्याबद्दल कधी नाही. सहा वर्षं असंच चाललं. पहिली पाच वर्षं काकांना त्या प्रश्नाने छाती फुगल्यासारखं व्हायचं. सहाव्या वर्षी तोच प्रश्न कानावर आला की ते आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसायला लागले.

कारण काकांना नीट दिसेनासं झालं होतं.

सुरुवात दिव्यांपासून झाली. रस्त्यावरच्या दिव्याभोवती कडी दिसायला लागली. मग वर्कशॉपमधला उजेड कमी वाटायला लागला, म्हणून त्यांनी एकामागून एक तीन दिवे बदलले. मग डाव्या डोळ्यासमोर, सकाळी आरशावर वाफ धरते तसं काहीतरी आलं आणि ते पुसलं जाईना. बायको म्हणाली, “अहो, दिवे बदलून झाले. आता डोळे दाखवून या.” काकांनी डोळ्यांना काय धाड भरलीये म्हणून तिला उडवून लावलं. डॉक्टरची भीती नव्हती. डॉक्टर जे बोलेल त्याची होती. टाका मारायला अडचण नव्हती, कारण वेल्डिंगचा जाळ एवढा प्रखर की त्यात त्यांना अजून दिसायचं, आणि जे दिसायचं नाही ते हाताला पाठ होतं. दिसायची नाही ती फक्त पांढऱ्यावरची बारीक रेघ. पण ती रेघ बघणारा माणूस म्हणूनच तर ते खडूकाका होते. ती गेली की मागे उरणार वर्कशॉपचं शटर उघडणारा एक म्हातारा. म्हणून ते गप्प राहिले, आणि रेघ शोधायला नखाचा आधार घेऊ लागले.

त्या वर्षीच्या तिसऱ्या शर्यतीत गाडीचा आर्म मोडला. आर्म म्हणजे पुढच्या चाकाला खालून गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा पोलादी हात, लांबीला साधारण हातभरच. काका कठड्याशी उभे होते. एका वेगवान वळणावर गाडीचं डावं चाक आत मुडपलं, नाक खाली गेलं आणि गाडी गवतावर तीन गिरक्या घेऊन आडवी थांबली. त्यांच्या डोळ्यांनाही एवढं दिसलं. मग बराच वेळ काहीच हललं नाही. काकांना कठडा ओलांडून धावायचं होतं, पण ते कठड्याला धरून तिथेच खाली बसले. सून आपल्या पायांनी बाहेर आली, एक हात वर करून तिने ठीक असल्याची खूण केली. कोणीतरी काकांना ऊन लागलं समजून पाणी आणून दिलं आणि ते त्यांनी निमूट प्यायलं.

मोडलेले दोन तुकडे दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या टेबलावर आले. मोडलेली कड बघितली की लोखंड स्वतःची हकीकत सांगतं. निम्मी कड चकचकीत होती, म्हणजे ती आदल्या दिवशी तुटलेली. निम्मी काळपट, गंजलेली. तिथे तडा जुना होता, महिनोन्महिने वाढत आलेला. आणि शर्यतीच्या आठ दिवस आधी काकांनी त्याच आर्मवर खडू फासून ‘झालं’ म्हटलं होतं.

सुनेने तुकडा उजेडात धरला. तडकलेल्या दाताला आतून असाच डाग पडलेला असतो, असं म्हणून तिने विचारलं, “बाबा, हा काळा भाग जुना ना?”

“रंगाखाली असेल,” काका म्हणाले. “म्हणून दिसला नसेल.”

तिने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, नुसतं ‘हं’ केलं आणि तुकडा टेबलावर ठेवला.

त्या आर्मला रंग नव्हता. काका कुठल्याच जोडाला कधी रंग लावत नसत, वरून फक्त तेलाचा हात फिरवत, कारण रंग तडे लपवतो. हे त्यांनी सुनेला पहिल्याच वर्षी कौतुकाने समजावून सांगितलं होतं, मुलाला तर लहानपणापासून. त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं की आर्म उघडाच होता. मुलगा चाकाशी काहीतरी खुडबुडत राहिला. काकांनी तुकडे तारेत ओवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगले आणि पुढचे तीन आठवडे त्या खिळ्याकडे पाठ करून काम केलं.

मोडलेला आर्म जोडून ट्रॅकवर पाठवायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. त्या जातीची गाडी बनायची कधीच बंद झाली होती, त्यामुळे नवा मिळणार नव्हता, आणि मिळाला असता तरी तिथेच मोडला असता. कंपनीने तो घर ते बाजार एवढ्या प्रवासासाठी केलेला. ट्रॅकवरचे चिकट रुंद टायर, कडक स्प्रिंगा आणि वळणावरच्या लाल-पांढऱ्या कडांवरून घेतलेले दणके त्याच्या हिशेबात नव्हते. मुलाने भंगारवाल्याकडून तशाच गाडीचे दोन आर्म शोधून आणले. काकांनी ते कोऱ्या लोखंडापर्यंत घासले आणि रॉकेल-खडूने तपासले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पांढरं दिसलं. खरंच पांढरं होतं की डोळ्यांतलंच पांढरं दिसत होतं, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी सगळ्या कडांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही.

मग मजबुतीचं काम. आर्म जाड पोलादी टेबलावर दोन्ही टोकांनी बोल्ट करून पक्का बसवला, म्हणजे तापल्यावर वाकायला नको. आर्म खालून पन्हाळीसारखा उघडा होता, ती बाजू पट्टीने बंद करायची होती. पट्टीची टोकं काकांनी सरळ कापली नाहीत, माशाच्या शेपटीसारखी निमुळती कापली, कारण सरळ टोकाशी सगळा जोर एका जागी साचतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. टाके छोटे, बोटभर लांबीचे, एक या बाजूला तर एक त्या बाजूला. प्रत्येक आर्म झाल्यावर कोरड्या चुन्याच्या डब्यात गाडून ठेवला, म्हणजे तो घाईने थंड होणार नाही. मुलगा बघत राहिला. असं काम त्याने वडिलांच्या हातून बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, बाबा खूश आहेत. काका खूश नव्हते, घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूसही फार नीटस काम करतो.

खिळ्याला टांगलेल्या तुकड्यांवरून एकदा मुलगा काहीतरी बोलायला आला. “बाबा, ते रंगाचं...” एवढंच म्हणाला. काकांनी ग्राइंडर सुरू केला. त्या आवाजात पुढचं बोलणं विरून गेलं आणि मुलाने ते पुन्हा काढलं नाही.

शेवटच्या शर्यतीला सासूबाईही आल्या. आतापर्यंत कधी आल्या नव्हत्या. चहाचा थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि ट्रॅककडे पाठ करून बसल्या. आवाज ऐकू येतोय तेवढा पुरे, बघायचं मला नाही, म्हणाल्या. त्या दिवशी तीन वेळा गाडी पळवायची होती आणि तिन्हींची वेळ मिळून क्रमांक लागायचा. पहिल्या तिघांत आलेल्याला पुढच्या वर्षी एका मोठ्या संघाच्या गाडीत बसायला मिळणार होतं. सुनेने घरी हे एकदाच, दुसरंच काही बोलता बोलता सांगितलं होतं. त्यावरूनच सगळ्यांना कळलं होतं, की तिला ते किती हवंय.

दोन वेळा गाडी पळून आली तेव्हा ती दुसरी होती.

हेल्मेट काढता काढता ती म्हणाली, की ब्रेक दाबला की पुढे डावीकडे बारीकसं टक् होतंय. कानाला ऐकू येत नाही, स्टिअरिंगमधून हाताला लागतं. मुलाने चाक उतरवलं. बोल्ट आवळून झाला की तो नटावरून पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवायचा, म्हणजे नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. सगळ्या रेघा अखंड होत्या. तो बाजूला सरकला आणि म्हणाला, “बाबा, आता तुमचं.”

काकांनी रॉकेल लावलं, आर्मच्या सगळ्या टाक्यांना आणि आर्मचं मागचं टोक गाडीच्या अंगाला जिथे बसतं त्या ब्रॅकेटलाही. अर्धा तास ते गुडघ्यांवर बसून राहिले. मग पुसून पूड फासली आणि तोंड जवळ नेलं. सगळं पांढरं. तिथे रेघ असती तर दिसली असती का, एवढंच त्यांना ठरवता येईना. त्यांनी नख फिरवलं. टाके गुळगुळीत लागले. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात आर्म मधे येत होता, बोट आत जाईना. पाठीमागे माणसं जमली होती. शेजारच्या गाडीचे दोन मेकॅनिकही आले होते, कारण खडूकाकांचं नाव त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्यातल्या एकाने आदराने विचारलं, “काय काका, ठीक?”

“झालं,” काकांचं तोंड म्हणालं.

शब्द बाहेर पडला आणि कामाला लागला. मुलाने चाक चढवलं. मेकॅनिक पांगले. सुनेने नवऱ्याला तोच एक प्रश्न विचारला, त्याने हो म्हटलं आणि ती गाडीत आडवी होऊन शिरली. गाडी रांगेत लागायला निघून गेली. काका फडक्याला हात पुसत बायकोशेजारी येऊन उभे राहिले. आता काही होत नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. टाके त्यांच्या हातचे होते आणि हात अजून शाबूत होते. त्या टक् ला काय, जुन्या गाडीत दहा आवाज असतात. असं ते मनाशी बोलत होते, पण जीव टांगणीला लागलेला होता तो लागलेलाच राहिला.

बायकोने चहा ओतून कप पुढे केला. काकांनी हात लांब केला.

“अहो, कप इकडे आहे,” बायको म्हणाली.

हात कपाच्या वीतभर डावीकडे रिकाम्या हवेत होता. बायको त्या हाताकडे फक्त बघत राहिली. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला अशा वेळी विचारावं लागत नाही. काकांनी हात मागे घेतला आणि ते रांगेच्या दिशेने चालायला लागले. मग धावायला लागले. एकसष्टाव्या वर्षी, जड बूट घालून, कित्येक वर्षांत धावले नव्हते तसे.

सात-आठ गाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या होत्या. सुनेची तिसरी. काका तिच्यापुढे जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. झेंडेवाला ओरडत आला. सुनेने हेल्मेटची काच वर केली.

“बाबा, बाजूला व्हा. दोन मिनिटं राहिलीत.”

“मला दिसलं नाही,” काका म्हणाले. इंजिनांच्या आवाजात त्यांना ते ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे पुढच्या-मागच्या सगळ्यांनी ऐकलं.

“काय दिसलं नाही?”

“काहीच. रेघ आहे की नाही, ते मला दिसतच नाही. मी उगाच झालं म्हणालो.”

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. मग तिने विचारलं, “मागच्या वेळीही?”

“मागच्या वेळीही.”

तिने इंजिन बंद केलं. रांग पुढे सरकायला लागली होती, मागच्या गाड्या बाजूने वाट काढत निघाल्या. मुलगा धावत आला. तिघांनी गाडी ढकलत परत आणली. सुनेचा जबडा आवळलेला होता. ती रागावली होती आणि ते लपवत नव्हती, याचं काकांना कसं कोण जाणे बरंच वाटलं.

“चाक काढ,” तिने नवऱ्याला सांगितलं. मुलगा “बाबा, अहो सांगायचं तरी...” असं काहीतरी म्हणायला लागला होता, तो पाना घ्यायला वळला. ब्रश तिने स्वतः हातात घेतला. सहा वर्षं ती हे बघत आली होती, तिला काही विचारावं लागलं नाही. रॉकेल लावून ती एका टायरवर बसली. अर्धा तास थांबायचं होतं. पलीकडे तिसरी फेरी सुरू झाली. एकेक गाडी गेल्याचा आवाज येई आणि मग भोंग्यावर तिची वेळ ऐकू येई. सुनेचं नाव पुकारलं, थोडं थांबले आणि पुढचं नाव घेतलं.

काका तिच्यासमोर उभे होते. तडा निघालाच नाही तर? मग तिचं वर्ष त्यांनी विनाकारण घालवलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एक क्षण त्यांना मनापासून वाटलं, की तडा निघू दे. दुसऱ्याच क्षणी आपण काय मागतोय ते कळलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

“त्या आर्मला रंग नव्हता,” ते म्हणाले.

“माहीत आहे. त्याच दिवशी कळलं होतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं की. एकदा विचारलं. दुसऱ्यांदा धीर झाला नाही.” तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. “तुमच्या ‘झालं’नंतर या घरात कोणी विचारतं का, बाबा?”

“आणि तशीच गाडीत बसलीस?”

“बसले. ती माझी चूक. तुमची तुमच्याजवळ.”

सासूबाईंनी खुर्ची उचलून या बाजूला तोंड करून मांडली आणि सुनेला चहा दिला. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, असं त्यांनी जाहीर केलं. कोणाला, ते सांगितलं नाही. काकांनी मान हलवली.

वेळ झाल्यावर सुनेने पुसून घेतलं आणि पूड फासली. मग मोबाइलचा उजेड पाडून ती खाली वाकली. दातांकडे बघत असेल तशीच बघत होती, सावकाश, एकेक जागा संपवत. काकांना फक्त तिची पाठ दिसत होती, आणि तीही धूसर.

“टाके स्वच्छ आहेत,” ती म्हणाली. “सगळे. तुमच्या कामात काही नाही, बाबा.”

काकांनी श्वास सोडला. पण ती उठली नाही. उजेड मागच्या बाजूला सरकला, सरकत गेला आणि एका जागी थांबला.

“ब्रॅकेट,” ती हळू आवाजात म्हणाली.

मुलगा बघायला पुढे झाला आणि मधेच थबकला. सवयीने. वडिलांचं ‘झालं’ म्हणून झालं होतं. त्याने काकांकडे बघितलं.

“बघ ना,” काका म्हणाले. “बघ, पोरा.”

मुलगा वाकला. वडिलांनी बघून झाल्यावर स्वतः बघायची त्याची ही पहिलीच वेळ. मग त्याने सांगितलं, की बोल्टच्या भोकापासून निघून रेघ वर गेलीय, अंगठ्याच्या पेराएवढी.

काकांना बघायची गरजच नव्हती, तिथेच उभ्या उभ्या सगळं लख्ख कळलं. जुना आर्म कच्चा होता, पण दणका बसला की थोडासा लवून तो निम्मा स्वतःच्या अंगावर घ्यायचा. त्यांनी तो इतका मजबूत केला की लवायचंच बंद केलं, आणि सगळा दणका मागच्या ब्रॅकेटवर जायला लागला. ही गोष्ट त्यांनी ट्रकवाल्यांना शंभरदा सांगितली होती, की एक जागा भक्कम केलीत तर तिच्या शेजारची आधी बघा. या वेळी ते तीन आठवडे फक्त स्वतःच्या टाक्यांना घाबरत राहिले. ब्रॅकेटची भीती वाटायला त्यांच्याकडे जागाच उरली नव्हती. तिसऱ्या फेरीत ती त्या वेगवान वळणावर ब्रेक दाबणार होती. सासूबाईंनी थर्मासचं झाकण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं.

मुलाने बोल्ट सैल करून आर्म खाली झुकवला, तेव्हा कोपऱ्यात बोट शिरायला जागा झाली. सुनेने काकांच्या खिशातला खडू काढला आणि ब्रॅकेटवर, रेघेच्या भोवती, एक मोठा गोल काढला. मग त्यांचा हात धरून तिने त्यांना खाली बसवलं. तिची पकड घट्ट होती, राग अजून तसाच होता.

“गोल दिसतोय?”

“गोल दिसतोय,” काका म्हणाले.

“त्याच्या आत बघा.”

काकांनी अंगठ्याचं नख गोलाच्या आत टेकवलं आणि सावकाश खाली ओढलं. मधोमध येताच नख अडलं. त्यांनी ते वर नेलं आणि पुन्हा ओढलं. पुन्हा तिथेच अडलं.

“आहे,” ते म्हणाले.